तुमच्या जिल्ह्यातली माणसं कुठे गेली, आणि तिथेच का गेली?

संगमेश्वरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस २०११ च्या जनगणनेचे जिल्हावार आकडे चाळतोय, त्यातून डोक्यात जे आलं ते इथे मांडतो. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. पण माझा रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. सिंधुदुर्गही घटला, ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजार. आणि तिसरा घटलेला जिल्हा कुठला तर मुंबई शहर, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली! म्हणजे आमची माणसं जिथे जायची तो जिल्हाही रिकामा होत होता. त्याच दहा वर्षांत ठाणे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

इथवर कळतं. पण बीड बघा. तिथून दरवर्षी लाखो लोक ऊसतोडीला बाहेर जातात हे आपण लहानपणापासून ऐकतोय, तरी बीडची लोकसंख्या सव्वाचार लाखांनी वाढलेली दिसते, जवळजवळ २० टक्के. हे कसं?

दुसरं म्हणजे, लोक कामाच्या मागे जातात असं आपण म्हणतो. मला ते अर्धवट वाटतं. माणूस गाववाल्याच्या मागे जातो. काम तर सगळीकडेच असतं, पण आमच्या खाडीपट्ट्यातली माणसं लालबाग-परळलाच का गेली, पुण्याला का नाही गेली? तुमच्या तालुक्यातून लोक नेमके कुठे गेले आणि तिथेच का, ते लिहा. जिल्हा नको, तालुका लिहा.

तळकोकणी
आमच्या वाडीत आता म्हातारी माणसां आणि माकडां, दोघांचीच वस्ती. माकडांची गणती केल्यात तर सिंधुदुर्ग पयलो येयत.

गिरणगावकर_६२
संगमेश्वरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गावाच्या खोल्यांमध्ये आहे. आमच्या गावाच्या मंडळाची एक खोली लोअर परळला होती. एका खोलीत वीस-पंचवीस बाप्ये. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी, खाली एक ट्रंक, वर माळ्यावर वळकटी. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, कोण्या गाववाल्याची बायको चालवायची. नवीन पोरगा एसटीने किंवा बोटीने आला की त्याला पहिले सहा महिने कोणी भाडं मागायचं नाही, गिरणीत माणसं कामाला लावणाऱ्या जॉबरला सांगून बदलीवर लावून द्यायचे आणि मग त्याची वर्गणी सुरू. त्या वर्गणीतून गावातल्या शाळेचं छप्पर झालं, देवळाचा सभामंडप झाला, एकदा विहिरीचं कामही झालं. मग सांगा, तो पोरगा पुण्याला कशाला जाईल? तिथे त्याची खुंटी कुठे होती?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हे सगळं विस्कटलं. माझे वडील गावी परत गेले नाहीत. बऱ्याच जणांचं तसंच झालं, कारण एव्हाना बायकापोरं मुंबईत आली होती आणि गावाकडे जमीन म्हणजे सातबाऱ्यावर चाळीस नावं. मग चाळीतली खोली विकून नालासोपारा, कोणी डोंबिवली, कोणी दिवा, आता बदलापूर. मुंबई शहर जिल्हा घटला आणि ठाणे फुगला तो बराचसा असा. आमच्यासारख्यांचं हे दुसरं स्थलांतर आहे, पण त्याला कोणी स्थलांतर म्हणतच नाही, "घर बदललं" म्हणतात.

पाटणचा_पाटील
+१ गिरणगावकर काका. आमच्याकडे हेच, फक्त गिरणीऐवजी गोदी आणि बाजार. पाटण, जावळी, तिकडचा डोंगरी भाग, अख्खा सातारा जिल्ह्याचा पश्चिम पट्टा मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायला गेला. अण्णासाहेब पाटील स्वतः पाटण तालुक्यातले, त्यांनी माथाडींची, म्हणजे या ओझी वाहणाऱ्यांची, संघटना बांधली आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला. त्यानंतर तर टोळीत नाव लागणं म्हणजे सरकारी नोकरी लागल्यासारखं. बाजार वाशीला हलला तशी आमची माणसं कोपरखैरणे, घणसोली, तुर्भ्याला गेली. आज कोपरखैरण्यात उभं राहून पाटण तालुक्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, पाच मिनिटांत तिथला माणूस भेटतो.

अजून एक, कोयना धरणात जी गावं गेली त्यातल्या बऱ्याच लोकांना रायगड-ठाण्याकडे जमिनी दिल्या. ते काही गाववाल्याच्या मागे गेले नाहीत, त्यांना उचलून नेलं. हेही तुमच्या हिशोबात यायला पाहिजे.

धारूरकर_गुरुजी
बीडचं उत्तर मी देतो. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, आणि दसरा झाला की माझा वर्ग कसा रिकामा होतो ते दरवर्षी बघतो.

संगमेश्वरी, तुमच्याकडचा माणूस जातो तो जातोच. आमच्याकडचा जातो आणि परत येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परत. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, पुणे, सोलापूर, कर्नाटकातही. लग्नं इथे, जन्म-मरण इथे, रेशन कार्ड इथे. म्हणून दहा वर्षांनी मोजलं तर बीड वाढलेलंच दिसणार. जनगणनेत "शेवटचं राहण्याचं ठिकाण कोणतं" असा प्रश्न असतो, तो कायमच्या जाण्यासाठी ठीक आहे, वर्षातले पाच-सहा महिने जाणाऱ्याला तो पकडत नाही.

आता महत्त्वाचं. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारी म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात, आमचं निम्मं गाव फडावर. जो त्या पूर्ण काळात घरी नाही त्याला जिथे असेल तिथे मोजायचं असा नियम. पण कारखान्याच्या कडेला रानात टाकलेल्या कोप्यांपर्यंत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांपर्यंत, प्रगणक गेला का? पहाटे चारला माणसं फडात, रात्री दहाला परत. कोपीला ना नंबर ना दार. माझ्या वर्गातली किती पोरं त्या वर्षी कुठेच मोजली गेली नसतील याचा विचार आला की झोप लागत नाही.

आणि "गाववाल्याच्या मागे" हे आमच्याकडे लागू नाही. आमच्याकडे माणूस उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाच्या, मागे जातो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने पावसाळ्यातच एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल दिलेली असते. ती फिटेपर्यंत तो म्हणेल तो कारखाना.

संगमेश्वरी
गुरुजी, फार मोलाचं लिहिलंत. तारखांचा हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. एक विचारू का, मुकादम पण गावातलाच असतो ना? मग तो गाववालाच झाला की.

धारूरकर_गुरुजी
असतो गावातलाच, बऱ्याचदा भावकीतला. पण गिरणगावकरांच्या खोलीत नव्या पोराला सहा महिने भाडं माफ होतं. आमच्याकडे एक दिवस आजारी पडलं तर खाडा, त्याचे पैसे कापतात, आणि पुढच्या वर्षीच्या हिशोबात ते वाढून येतात. दोन्हीला एका पारड्यात नका घालू ही हात जोडून विनंती.

जयश्री_परभणी
गुरुजींनी खाड्याचं लिहिलं म्हणून राहवत नाही. २०१९ ला बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या बातम्या आल्या, विधिमंडळात विषय गेला, चौकशी समिती नेमली गेली. पाळीच्या दिवसांतही फडात वाकून तोडायचं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, आडोसा नाही, पाणी नाही. खाडा नको म्हणून काय काय सोसलं बायकांनी. आकड्यात हे "अर्धा कोयता" म्हणून येतं.

आणि मंडळी, धाग्यावर आतापर्यंत सगळं बाप्यांचंच चाललंय. जनगणनेचे तक्ते उघडा, बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे. मी परभणीची, दिली नाशिकला. माझी आई हिंगोलीची, परभणीला आली. आजी त्याच्याही पलीकडची. आमच्या घरात चार पिढ्या बायकाच हललेल्या आहेत, बाप्ये आहेत तिथेच. याला कोणी स्थलांतर म्हणत नाही, "नांदायला गेली" म्हणतात.

गिरणगावकर_६२
जयश्रीताई, अगदी बरोबर. कोकणात उलटी गंमत. बाप्या मुंबईला, बाई गावात भात लावतेय, गुरं सांभाळतेय, सासू-सासरे बघतेय आणि मनीऑर्डरची वाट बघतेय. म्हणून रत्नागिरीत २०११ लाही दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. माझी आई लग्नानंतर किती तरी वर्षं गावातच होती. वडील गणपती आणि शिमग्याला यायचे तेवढेच.

आकडेबाज
जरा तांत्रिक. जिल्ह्याची लोकसंख्या घटली म्हणजे सगळे निघूनच गेले असं नसतं. जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले, असं ते गणित आहे. कोकणात जन्मदर बऱ्याच आधी खाली आला, तरुण जोडपी मुंबईत असल्याने पोरं तिकडेच जन्मतात, गावात वयस्कर जास्त म्हणून मृत्यूचं प्रमाण जास्त. त्यामुळे रत्नागिरीचे जे ८० हजार कमी झाले त्यात आत्ता गेलेल्यांइतकाच वाटा तीस वर्षांपूर्वी गेलेल्यांच्या न जन्मलेल्या पोरांचा असू शकतो. बीडमध्ये जन्मदर जास्त, त्यामुळे कायमचे पुण्याला गेलेलेही त्यात झाकले जातात.

दुसरं, वर्धा ५ टक्के, भंडारा साडेपाच टक्के, सातारा ७ टक्के. घटले नाहीत म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही, पण राज्य १६ टक्क्यांनी वाढत असताना ५ टक्के म्हणजे तिथूनही माणसं चाललीत. आणि पुढच्या वेळी ठाण्याची तुलना करताना जपून, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झालाय.

वऱ्हाडी_ठेचा
आकडेबाज भाऊ, वर्ध्याचं नाव घेतलं म्हणून लिहितो. आमच्याकळचे पोट्टे इंजिनेरिंग करतात न् डायरेक्ट पुणे. नागपूर जवळ असून नागपूरले थांबत नाही, काहून तर म्हणे पॅकेज नाही. दिवाळीत ट्रॅव्हल्सचं तिकीट विमानाच्या भावात. हिंजवडी-वाकडमध्ये एका एका सोसायटीत अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा, सगळं वऱ्हाड भरलंय. तिथं बी गाववाल्याच्याच मागं गेले बरं का! पहिला एक पोट्टा गेला, त्याच्या फ्लॅटवर दुसरे चार जाऊन पडले, इंटरव्ह्यू देत राह्यले. काकांची ती खुंटी न् आमची ही गादी, सेमच आहे.

पण गावात काय राह्यलं? कापूस वेचाले माणूस नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया तिकडं तेलंगणात मिरची तोडाले जातात, आमच्याकडं वेचणीले दुसरीकडून आणा लागतात.

करवीरवासी
आमच्या कोल्हापुरातनं कोण जात नाही बगा. शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम सुरू केलं, पाणी आलं, ऊस आला, दूध संघ आला, फाउंड्र्या, इचलकरंजीचे माग. पोरगं पुण्याला शिकायला गेलं तरी परत येऊन म्हशी आणि मोटरपंपाचं दुकान बघतंय. पाणी द्या, माणूस हलत नाही. एवढं साधं आहे.

चंदगडी
करवीरवासी भाऊ, कोल्हापूर जिल्हा म्हणजे नुसतं करवीर आणि शिरोळ नव्हे. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडी, हेही त्याच जिल्ह्यात येतात. आमच्या घरटी एक माणूस मुंबईत. धरणं आमच्या डोंगरात झाली, पाणी खाली गेलं. संगमेश्वरींनी तालुका लिहा म्हटलंय ते याचसाठी. जिल्ह्याची सरासरी काढली की आम्ही पुसले जातो.

करवीरवासी
मान्य आहे भावा. माझा आजोळचा गाव शाहूवाडीत, तिथलं खरंच तू म्हणतोस तसंच आहे.

विट्याचा_राजू
आमचं कोणी लिहिलंच नाही अजून! खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगली जिल्ह्याचा दुष्काळी पट्टा. आमची माणसं मुंबईलाही नाही आणि पुण्यालाही नाही. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात सगळ्या भारतभर. तामिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, उत्तर प्रदेश, कुठल्याही शहरातल्या सराफ कट्ट्यात जा, वरच्या माळ्यावर भट्टी लावून बसलेला आमच्याकडचा माणूस भेटणार. सराफाकडचं जुनं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून भेसळ काढायची, शुद्ध लगड परत द्यायची. आणि हे काम शिकवलं जातं फक्त आपल्या माणसाला, कारण दुसऱ्याचं सोनं हातात असतं, विश्वास पाहिजे. मामा भाच्याला नेतो, भाचा चुलतभावाला. संगमेश्वरींचं म्हणणं कुठे शंभर टक्के खरं असेल तर ते आमच्याकडे.

गावात मोठमोठे बंगले आहेत, कुलूप लावलेले. यात्रेला उघडतात. पोरं मल्याळम, तमिळ बोलतात आपसात आणि आज्जीशी माणदेशी. आता आमच्याकडे टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, द्राक्ष-डाळिंब झालं, पण जे गेले ते तेवढ्यासाठी परत येतील असं मला वाटत नाही. करवीरवासींचं "पाणी द्या, माणूस हलत नाही" हे खरं असेल, पण पाणी दिल्यावर हललेला माणूस परत येतोच असं नाही.

नंदुरबारी
राजूभाऊंनी राज्याबाहेरचं काढलं म्हणून. धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्यातल्या तालुक्यांतून लोक गुजरातला ऊस तोडायला जातात, दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे. बीडच्या बातम्या होतात, आमच्या होत नाहीत. आणि मैदानी खान्देशातले, जळगाव-धुळ्याकडचे, सुरतेला कायमचे. उधना, लिंबायतला जा, अहिराणी ऐकू येते. सुरत आम्हाला मुंबईपेक्षा जवळ, गाडी थेट, राज्याची हद्द आडवी आली तरी पोटाला कुठली हद्द.

तळकोकणी
एक गोष्ट कोण लिवत नाय. माणसा गेली म्हणून गाव रिकामो नाय, दुसरी इली. हापूसच्या बागेत राखणीक नेपाळी, चिऱ्याच्या खाणीर कर्नाटकातली, बांधकामार बिहार-बंगालची. आमच्या शाळेत पटार जी पोरां आसत त्यातली निम्मी तेंचीच. ती नसती तर शाळा कधीच बंद पडली असती. माका तेंचो रागबिग येणा नाय, उलट बरां वाटता.

आकडेबाज
तळकोकणी, हा फार महत्त्वाचा मुद्दा. शिवाय माणसं कमी झाली की राजकीय वजनही कमी होतं. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत रत्नागिरीच्या विधानसभेच्या जागा ७ च्या ५ झाल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ गेले. तिकडे ठाण्याला, पालघर धरून, २४ झाल्या. म्हणजे जाणारा माणूस आपलं मतही ट्रंकेत घालून नेतो.

पाटणचा_पाटील
आमच्याकडे मतदानाला मात्र टेम्पो भरभरून येतात हो गावाला. सरपंचपदाच्या निवडणुकीला तर कोपरखैरणे अर्धं रिकामं!

संगमेश्वरी
आकडेबाज, आमचा मतदारसंघ गेला ते मला माहीत होतं, पण असं एकापुढे एक मांडलेलं पहिल्यांदा बघतोय. जीव तुटतो खरंच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या उत्तरांवरून मला तीन-चार वेगळे रस्ते दिसायला लागलेत. गिरणी-माथाडी-गलाई, इथे आपला माणूस पुढे जातो आणि मागच्याला ओढतो. ऊसतोड, इथे कर्ज ओढून नेतं. धरणवाले, ज्यांना विचारलंच नाही. आणि जयश्रीताई म्हणतात ते लग्न, जे सगळ्यात मोठं असून सगळ्यात कमी बोललं जातं. मी तालुक्यातालुक्यातून बाण काढून एक नकाशा करतोय, प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग. पुढची जनगणना २०२७ ची, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, म्हणजे घरोघरची मोजणी परत फेब्रुवारीतच. गुरुजी, तुमची पोरं या वेळी तरी सुटू नयेत म्हणून काय करता येईल?

धारूरकर_गुरुजी
हा प्रश्न विचारलात, बरं वाटलं. आमचं काही शिक्षकांचं बोलणं झालंय. एक, आमच्याकडे दरवर्षी हंगामी वसतिगृहासाठी आम्ही जाणाऱ्या कुटुंबांची यादी करतोच, कोण कुठल्या कारखान्याला, कुठल्या मुकादमाकडे. तीच यादी तहसीलदारांमार्फत कारखाना असलेल्या तालुक्यांना आधीच पाठवायची मागणी आम्ही करणार आहोत. प्रगणकही बहुतेक शिक्षकच असतात, तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या शिक्षकांशी थेट बोलता येईल. दोन, कोप्यांवर दिवसा जाऊन उपयोग नाही. गाडी कारखान्यावर वजनाला रांगेत उभी असते तेव्हा माणूस सापडतो, तिथे ऊस उतरवतात त्या गव्हाणीपाशी प्रगणक बसवला तर रात्रीतून टोळ्याच्या टोळ्या होतील. पण एकट्या गाडीवाल्याला मोजून चालणार नाही, कोपीत राहिलेली म्हातारी आणि पोरं विचारून घ्यायची.

करवीरवासी
गुरुजी, माझी बहीण आमच्याकडं कारखान्याजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. तुमच्याकडच्या पोरांना ती संध्याकाळी कोप्यांवर जाऊन शिकवते. तिचा नंबर तुम्हाला वैयक्तिक निरोपात देतो, बोलून घ्या. आमचा ऊस तुमची माणसं तोडत्यात, एवढं तर केलंच पाहिजे.

जयश्री_परभणी
संगमेश्वरी, नकाशात लग्नाच्या बाणांना माझ्याकडून हिंगोली ते परभणी आणि परभणी ते नाशिक. मैत्रिणींनाही विचारून दहा-बारा अजून देते. आणि गुरुजी, कोपीत बायकांना विचारायला बाईच पाठवा, नाहीतर "कामासाठी आली की नवऱ्याबरोबर आली" या प्रश्नाचं उत्तर तिच्या आधी नवराच देऊन मोकळा होईल. ती कामासाठीच आलेली असते.

तांड्यावरून
नवीन आहे, पहिलंच लिहितोय. पुसद तालुका, यवतमाळ जिल्हा, बंजारा. आमच्या तांड्यावरून थोडे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, बाकीचे पुणे-मुंबईला बांधकामावर. आजा सांगायचा की १९७२ च्या दुष्काळात पहिल्यांदा बाहेर पडले, आधी खडी फोडायला, मग मिळेल तिकडे. उचल घेऊन जाणारे वेगळे आणि गाववाल्याच्या ओळखीने जाणारे वेगळे, पण एकाच घरात दोन्ही आहेत, मोठा भाऊ कोयत्यावर, धाकटा पुण्यात सेंट्रिंगला. तेव्हा संगमेश्वरी साहेब, आमच्या तांड्यातून दोन रंगांचे बाण काढा. बाकीच्या तांड्यांची माहिती होळीला सगळे परत आले की विचारून इथेच टाकतो.